भोयर मेकॅनिक आणि उमरेडची लाईन

भोयर हा माणूस मला कळला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचणाऱ्याची अपेक्षा उगाच वाढणार नाही. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. अमुक असेल तर तमुक असलंच पाहिजे, असं फळ्यावर लिहून पोट भरलं. भोयर मेकॅनिक दर मंगळवारी आमच्या घरी यायचा, आणि तो गेल्यावर अमुक आणि तमुक या दोहोंबद्दल माझ्या मनात शंका उरायची.

आमचं घर म्हणजे खरं तर घाटेसाहेबांचं घर. धंतोलीत त्यांचं दुमजली घर होतं आणि वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. साहेब बांधकाम खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. खाली बैठकीत एका स्टुलावर त्यांचा काळा टेलिफोन असे. त्याच्यावर घाटेकाकूंनी विणलेलं झाकण, डायलच्या भोकात पितळेचं छोटं कुलूप आणि कुलपाची किल्ली साहेबांच्या जानव्याला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नाव नोंदवून बसायचे. ज्याच्या घरी फोन तो गल्लीचा मालगुजार. फोन बिघडला की मालगुजारी बुडे, आणि मग भोयर येई.

उंच, किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेला माणूस. खाकी पँट, सायकलच्या दांडीला चामडी पिशवी, आणि खांद्यावर पट्ट्यानं लटकवलेला तपासणीचा रिसीव्हर. कान मोठे होते. ते धंद्यानं झाले की जन्मापासून तसेच होते, हे मी विचारलं नाही. चपला तो फाटकाजवळच काढायचा. आत आल्यावर तांब्याभर पाणी मागायचा. मग रिसीव्हर उचलून, डोळे मिटून, काहीही न करता नुसती ती घरघर ऐकत राहायचा.

"थोरलीची तब्येत बरी नाही आज," असं काहीतरी म्हणायचा.

घाटेकाकू चहाचा कप पुढे करायच्या. भोयर कपाकडे बघायचासुद्धा नाही. "लाईन चालू झाल्याबिगर च्या नाही जी." एकदा बिघाड सापडायला दोन तास लागले. दोन तास कप स्टुलाशेजारी तसाच. लाईन चालू झाल्यावर त्यानं तो थंडगार चहा, वरची साय बोटानं बाजूला करून, सावकाश पिऊन टाकला. काकू दुसरा करते म्हणाल्या. "काहून? हा बिघडला थोडीच."

थोरली म्हणजे काय, हे सांगणं भाग आहे. शहरात त्या वेळी दोन जातींची टेलिफोन एक्स्चेंजेस चालू होती, एक जुनं आणि एक नवं. टेलिफोन खात्यानं नवं आणलं, पण जुनं काढलं नाही, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं. जुन्याला भोयर थोरली म्हणे आणि नव्याला धाकटी. आमच्या गल्लीचं वैशिष्ट्य असं की आमच्या बाजूची घरं थोरलीवर होती आणि समोरच्या बाजूची धाकटीवर. समोर राहणाऱ्या वकिलांना फोन करायचा तर आधी एक आकडा फिरवून वेगळ्या आवाजाची वाट बघायची, मग त्यांचा नंबर. वकिलांनी आम्हाला करायचा तर तसं काही नाही. हे कोणाच्याच लक्षात राहत नसे. घाटेसाहेब तीनदा आकडे फिरवत, मग गॅलरीत जाऊन "वकीलसाहेब, फोन उचला" म्हणून ओरडत. वकील तिकडून ओरडत, "वाजलाच नाही." तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून होई.

मी एकदा भोयरला हे समजावून सांगायला सांगितलं. ती माझी चूक.

"पाहा मास्तरसाहेब," त्यानं काकूंनी ठेवलेल्या चिवड्याच्या दोन बशा पुढे ओढल्या. "ही थोरली. तुमी एक आकडा फिरवला का ती एक पायरी चढते. दुसरा फिरवला का दुसरी. तुमी मधात थांबले, तर ती पायरीवर उभी राह्यते बिचारी. अन् ही धाकटी. ही हालत नाही. आदी पूरं ऐकून घेते, मंग इचार करते, मंग निंगते."

"मग चांगली कोणती?"

"दोघीही चांगल्या हायेत जी. भानगड मधात होते."

"मधात म्हणजे कुठे?"

"थोरली चढून राहिली अन् धाकटी ऐकून राहिली, त्या टायमाले."

त्यानं दोन बशांच्या मधे चमचा आडवा ठेवला, चमच्यावर तीन शेंगदाणे मांडले, त्यातला एक परत घेतला. मी वहीत आकृती काढली. ती वही अजून माझ्याकडे आहे. ती आकृती पाहिली की मला फक्त चिवडा आठवतो.

भोयर नियमाचा माणूस होता. मोठा नियम असा की खात्याच्या लाईनला खात्याचंच यंत्र लागलं पाहिजे. बाहेरचं यंत्र जोडलं की गुन्हा. समोरच्या वकिलांनी मुंबईहून एक सुंदर हिरवं यंत्र आणून झोपायच्या खोलीत लावलं होतं. भोयरनं ते पाहिलं, पाणी प्यायला, त्याची स्तुती केली आणि ऑफिसात जाऊन रिपोर्ट दिला. वकिलांचा फोन तीन आठवडे बंद. वकील त्याला रस्त्यात अडवून म्हणाले, "भोयर, तू माझ्या घरचं पाणी पितोस." भोयर म्हणाला, "पानी तुमचं हाये जी. लाईन खात्याची."

दुसरा नियम त्याचा स्वतःचा होता. खात्याच्या यंत्रावरून खाजगी बोलायचं नाही. घाटेसाहेब उदार मनःस्थितीत असले की म्हणत, "भोयर, कर एखादा फोन घरी. आमची परवानगी आहे."

"माह्या घरी फोन नाही जी."

खरंच नव्हता. त्यानं रीतसर अर्ज केला होता आणि रीतसर वाट बघत होता. हजारो लोकांचे फोन दुरुस्त करणारा हा माणूस आपल्या यादीतल्या नंबराबद्दल ऑफिसात चौकशीही करत नसे. ओळख वापरल्यासारखं होईल म्हणे.

असा हा भोयर दर मंगळवारी का येई? घाटेसाहेबांची उमरेडजवळ मिरचीची शेती होती. तिथल्या दिवाणजीशी बोलायला त्यांना उमरेडचा ट्रंक कॉल लागे. उमरेडची तऱ्हा तिसरीच. तिथे थोरली नव्हती, धाकटी नव्हती. तिथे बाई होती. नागपूरहून लाईन गेली की तिथली ऑपरेटर "उमरेड" म्हणायची आणि हातानं दोरी खोचून पुढचा फोन जोडून द्यायची. साहेबांची तक्रार अशी की उमरेडचा आवाज नीट येत नाही. अशा तक्रारी त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या वरपर्यंत केल्या, की दर मंगळवारी सकाळी मेकॅनिकनं येऊन त्यांच्या घरून उमरेडची लाईन तपासावी असा हुकूम निघाला.

साहेब मंगळवारी सकाळी टेकडीच्या गणपतीला जात, आणि जानवं अर्थातच बरोबर जाई. पहिल्याच मंगळवारी भोयर आला तर डायलला कुलूप. मी खाली पेपर वाचत बसलो होतो. भोयरनं रिसीव्हर कानाला लावला आणि तो ज्यावर ठेवतात तो खटका एका बोटानं दाबायला सुरुवात केली. टकटकटक. थांबला. टकटक. थांबला. एवढ्या जलद, एवढ्या सारख्या अंतरानं, की तबल्याचा रियाज वाटावा. आणि पलीकडून ट्रंकवाले बोलू लागले.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"डायल काय करते? खटके मोजून देते. तीन फिरवले का तीन खटके. ते बोटानं दिले तरी थोरलीले चालते." मग दाराकडे बघून म्हणाला, "हे कोनाले सांगाचं नाही मास्तरसाहेब. कुलूपवाल्याचा धंदा बसन."

मग उमरेड लागलं. भोयर सरळ उभा राहिला.

"उमरेड, नागपूर टेस्टिंग. आवाज कसा येऊन राहिला?" थोडं ऐकलं. "घरघर?" ऐकलं. "बरं."

पण रिसीव्हर ठेवला नाही. कानाला धरून तसाच उभा. पलीकडेही कोणी बोलत नसावं. मी पेपरचं एक पान संपवलं, दुसरं संपवलं. मग त्यानं रिसीव्हर ठेवला, खिशातली वही काढली आणि लिहिलं, 'तपासले. ठीक.' त्यानंतर चहा प्यायला.

हे पुढे तीन वर्षं चाललं. तीच वाक्यं, तेवढंच थांबणं, तोच चहा. मला वाटे, ही तपासणीची शास्त्रीय पद्धत असेल. शांततेत घरघर चांगली ऐकू येत असावी. मी हे एकदा वर्गात निरीक्षणपद्धतीचं उदाहरण म्हणून सांगितलंसुद्धा.

मग तो घोगऱ्या आवाजाचा मंगळवार आला. भोयरनं नेहमीसारखं विचारलं, उत्तर ऐकलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "पुन्हा बोला." ऐकलं. "पुन्हा." असं चार वेळा. रिसीव्हर कानावरून काढून तळहातावर आपटला, त्याच्या आतले कोळशाचे दाणे चिकटून बसले असतील म्हणून, आणि परत बोलला. त्या दिवशी चहा तसाच राहिला. वहीत लिहिलं, 'उमरेड लाईन. आवाज घोगरा. तातडीने पाहणे.'

ऑफिसात भोयरच्या शब्दाला वजन होतं. खात्याची जीप निघाली. दोन लाईनमन नागपूरपासून उमरेडपर्यंत खांब बघत गेले, वाटेत दोन ठिकाणी तारा ताणल्या, एका बाभळीच्या फांद्या तोडल्या. संध्याकाळी येऊन त्यांनी रिपोर्ट दिला की लाईन उत्तम आहे. ऑपरेटरबाईला तीन दिवसांपासून ताप आहे, तिचा घसा बसला आहे, तरी ती कामावर आहे.

सगळं ऑफिस हसलं. पुढच्या मंगळवारी देवळातून लवकर परतलेले घाटेसाहेबही हसले. "भोयर, तीस वर्षांची सर्व्हिस आणि बाईचा घसा आणि तार यातला फरक कळेना तुला?"

"चुकलं जी," भोयर म्हणाला. मग लाईनमनचं बोलणं आठवल्यासारखं करून म्हणाला, "सरकारी दवाखान्याची गोळी चालू हाये म्हनते. उतरला ताप."

तीस वर्षं तार ऐकणाऱ्या माणसाची ही चूक मला खटकली. पण खटकण्यापलीकडे माझी बुद्धी गेली नाही.

त्यानंतर एका परीक्षेच्या देखरेखीसाठी मी उमरेडला गेलो. मुक्काम वाढला, तो घरी कळवायला टेलिफोन ऑफिसात गेलो. लाकडी बोर्डासमोर कानाला यंत्र लावलेली पंचविशीची बाई बसली होती. घाटेसाहेबांचा नंबर मागितला तशी तिनं मान वळवली. कान मोठे होते.

"धंतोलीचे काय जी तुमी? जिथं मंगळवारी मेकॅनिक येतात?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"ते माहे बाबा हायेत."

फोन लागायला वेळ होता. तिचं नाव कुसुम. तिनं एसटीतल्या एका कंडक्टरशी लग्न केलं होतं. मुलगा जातीबाहेरचा. भोयरची बायको आधीच गेलेली, मुलगी ही एकच.

"भांडण झालं का?" मी विचारलं.

"भांडले असते तर बरं झालं असतं. काहीच बोल्ले नाही. मी लग्नानंतर घरी गेली होती. दार उघडलं, पानी देल्लं, अन् सायकल घेऊन ड्युटीवर चालले गेले. मंग काही महिन्यांनी एका मंगळवारी बोर्डावर आवाज आला, उमरेड, नागपूर टेस्टिंग. मी म्हटलं, साफ येते. बाबा बरं म्हनले. पन लाईन सोडत नाहीत. मीही सोडत नाही. दुसरे लोक ओरडून राह्यतात, आमचा नंबर द्या, आमचा नंबर द्या."

"मग तुम्ही तरी का बोलत नाही?"

"काय बोलू? मी 'बाबा' म्हटलं, तर म्हनतीन ऑपरेटरनं खाजगी बोलू नये. अन् मंगळवारी येनंच बंद करतीन." तिनं एक दोरी काढून दुसरीकडे खोचली. "पन आता तेही राह्यत नाही जी. इथं मशीन येऊन राहिली. बोर्ड निंगून जाईन. टेस्टिंगले मशीनच जवाब देईन. मंग ते कोनाले इचारतीन, आवाज कसा येऊन राहिला?"

माझा फोन लागला. मी घरी काय सांगितलं ते आठवत नाही.

नागपूरला आल्यावर पुढच्या मंगळवारी मी भोयरला म्हटलं, "उमरेडला तुमच्या मुलीची भेट झाली."

"ऑपरेटरची," तो म्हणाला.

त्यानं पिशवीचे पट्टे बांधले, सोडले, परत बांधले.

"आवाज कसा होता?"

"चांगला."

"तारेवरचा नाही इचारून राहिलो."

"समोरासमोरचा सांगतोय."

"हं," भोयर म्हणाला, आणि चहा न पिता गेला. त्या दिवशी लाईन अगदी चालू होती.

याच सुमारास घाटेसाहेबांचा मुलगा अमेरिकेहून आला आणि जाताना एक फोन देऊन गेला. लाल, चपटा, डायलऐवजी बारा बटणं. साहेबांनी काळं यंत्र कपाटात टाकलं आणि नव्याचं उद्घाटन ठरवलं. बर्फी आली, गल्लीतली आठदहा माणसं आली. पहिला फोन समोरच्या वकिलांना करायचा होता. ते आपल्या घरी फोनजवळ तयार बसले. साहेबांनी आधुनिक विज्ञानावर चार शब्द सांगितले आणि बटणं दाबली. प्रत्येक बटण वेगळ्या सुरात गायलं. मैफल झाली. मग घरघर सुरूच राहिली. साहेबांनी परत बटणं दाबली, परत मैफल. पाचव्या मैफलीनंतर समोरच्या गॅलरीतून वकिलांचा आवाज आला, "अहो करता की जेवून घेऊ?"

भोयरला खाजगीत बोलावणं गेलं. वकिलांच्या हिरव्या यंत्राचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे साहेबांचा आवाज प्रथमच निवृत्त झाल्यासारखा वाटला. भोयर लाल यंत्रासमोर उकिडवा बसला.

"हे कोनाचं?"

"माझ्या मुलानं अमेरिकेहून..."

"तसं नाही जी. खात्याचं नाही ना, तेवढं इचारून राहिलो."

"नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही. आता काय लिहून घेतोस?"

भोयरनं मान हलवली. त्याला राग आला होता की बरं वाटलं होतं, मला ठरवता आलं नाही. मग त्यानं बटणं एकेक दाबून कान देऊन ऐकली. "हे गाते. थोरलीले गानं समजत नाही, खटके समजते."

"मग धाकटीवर बदलून दे," साहेब म्हणाले.

"तिलेही नाही समजत. येवढ्या एका गोष्टीत दोघीचं पटते."

असं म्हणून त्यानं खटक्यावर बोट ठेवलं आणि टकटकटक सुरू केलं. समोर वकिलांचा फोन खणखणला. बारा बटणांचं अमेरिकन यंत्र हातात असलेले घाटेसाहेब त्या दिवसापासून एका बोटानं खटके मारून नंबर लावू लागले. मोजताना चुकत. आठवड्यातून दोनदा त्यांचा फोन इतवारीतल्या एका तूरडाळीच्या ठोक व्यापाऱ्याकडे लागे. पुढे पुढे तो त्यांना भाव न विचारताच सांगू लागला.

निघताना भोयरनं वही काढली. त्यानं लिहिलं, 'तपासले. ठीक.'

वकिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी भोयरशी बोलणं सोडलं, आणि मला त्यांची बाजू पटली. एकच नियम, एकच गल्ली. हिरव्याला शिक्षा आणि लालला ठीक. लाच म्हणावी तर त्यानं बर्फीचा तुकडाही उचलला नव्हता. मी हे कोडं विद्यार्थ्यांना नाव न सांगता घातलं. एकानं लिहिलं, माणूस थकला असेल. मी त्याला पाचपैकी दोन गुण दिले.

उमरेडला मशीन आली. ट्रंकवाल्यांशिवाय सरळ नंबर लागू लागला. मांडव, हार, फीत, सगळं झालं म्हणे. एका मान्यवरांनी पहिला फोन लावून नागपूरच्या दुसऱ्या मान्यवरांना "हॅलो" म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोर्ड काढून आवारात ठेवला. कुसुमला तिथेच तक्रारींच्या टेबलावर बसवलं, रविवारसुद्धा धरून. टेबलावर एक फोन, त्याला रीतसर नंबर.

त्यानंतरच्या मंगळवारी भोयर आला. तपासणीसाठी त्यानं कपाटातलं काळं यंत्र काढून लावलं, कारण तपासणी खात्याच्याच यंत्रावरून व्हायची. खटके मारले. उमरेडनं उत्तर दिलं, ते मला पेपराआडही ऐकू आलं. एक लांबलचक, सपाट शिट्टी. भोयर सरळ उभा होता. शिट्टी संपेपर्यंत ऐकली. परत लावलं. परत तीच.

"आवाज कसा येतो?" मीच विचारलं.

"साफ. आजपावेतो इतका साफ आला नव्हता." वही काढून लिहिलं. ठीक लिहिलं असावं. चहाकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या जी."

पाच-सहा मंगळवार असे गेले. मग कळलं की महिनाअखेर तो निवृत्त होणार. त्याच्या जागी येणारा दुसरा मेकॅनिक घरी येऊन बघूनही गेला. हुशार होता. आल्या आल्या चहा प्यायला.

भोयर शेवटचा आला तो महिना संपल्यावर, आणि मंगळवारी नाही, रविवारी. चपला फाटकाजवळ काढल्या. पिशवी नव्हती, खांद्यावर रिसीव्हर नव्हता. पांढरा सदरा, धुतलेला, इस्त्री केलेला. त्याच्या खांद्यावर पट्ट्याशिवाय काहीतरी कमी दिसत होतं.

"आज रविवार," घाटेसाहेब म्हणाले.

"हो जी. आज मी खात्याचा नाही." उभ्या उभ्याच म्हणाला, "एक फोन कराचा होता. खाजगी."

साहेब चकित होऊन जानव्याला हात घालू लागले, मग लाल यंत्राला कुलूप नाही हे त्यांना आठवलं. मी मात्र पेपर बाजूला ठेवला.

"भोयर, तुमचा नियम?"

"खात्याच्या यंत्रावरून खाजगी बोलाचं नाही. नाही बोल्लो मी, पूर्‍या नोकरीत. हे खात्याचं नाही. साहेबानं सांगतलं होतं, बिलकुल नाही."

"पण लाईन तर खात्याचीच ना?"

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "लाईनवरून सारेच खाजगी बोलतेत मास्तरसाहेब. तिले काय त्याचं."

या युक्तिवादात कुठेतरी दोष आहे. मी तो अजून शोधतो आहे. पोस्टातून पैसे भरून फोन करता आला असता. उमरेडला तासातासाला एसटी होती, आणि त्यातल्या एकीवर कंडक्टर म्हणून जावईच असे. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्या लाल यंत्राबद्दल 'ठीक' लिहिलं तेव्हाच त्याच्या मनात हा रविवार होता, की मागाहून त्याला ही फट दिसली? की शिट्टी ऐकून ऐकून माणूस थकला? आता वाटतं, त्या विद्यार्थ्याला तीन गुण द्यायला हरकत नव्हती.

घाटेकाकूंनी चहा आणून स्टुलाशेजारी ठेवला. भोयरनं तो बघितला नाही. रिसीव्हर उचलला, डोळे मिटून थोरलीची घरघर ऐकली आणि खटक्यावर बोट ठेवलं. उमरेडचा आकडा शून्यापासून सुरू होतो, आणि शून्याला दहा खटके. मी मनात मोजत होतो. पुढच्या एका आकड्याला त्याचं बोट अडखळलं. पलीकडे कोणी पुरुष बोलला. "राँग नंबर जी," भोयर म्हणाला आणि रिसीव्हर ठेवला. त्याचा नंबर चुकलेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यानं बोट सदऱ्याला पुसलं आणि परत पहिल्यापासून दहा.

मी उठलो आणि घाटेसाहेबांना दंडाला धरून उठवलं. "अहो, पण मला ऐकायचंय," ते म्हणाले. मी त्यांना ओसरीत नेऊन बसवलं आणि जिना चढू लागलो.

जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिथून बैठक दिसते, ऐकू काही येत नाही. मी थांबायला नको होतं. भोयर पाठमोरा, ताठ बसला होता, रिसीव्हर कानाला. बोलत होता की नुसता ऐकत होता, पाठीवरून कळेना. चहावर साय धरली होती. असा किती वेळ गेला कोण जाणे. तिथे उभा राहून मी नेहमीप्रमाणे अमुक आणि तमुक जुळवत होतो.

मग रिसीव्हर कानावरून न काढता त्यानं डावा हात पुढे केला, चाचपून कप उचलला, बोटानं साय बाजूला केली आणि चहा प्यायला लागला.